इंग्लंडमध्ये अपघात झाला, तर भरपाई कशी मागायची?

इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्या आपल्या माणसाला अपघात झाला की त्याला दोन गोष्टींचा घोर लागतो. पोलिसांत तक्रार केली नाही तर भरपाई बुडेल का, आणि दावा केला तर व्हिसावर गंडांतर येईल का. दोन्ही शंका आधीच दूर करतो, कारण याच भीतीपायी माणसं गप्प बसतात आणि हक्काचा पैसा सोडून देतात.

भरपाईचा दावा हा दिवाणी मामला आहे. एफआयआर आणि पंचनामा झाल्याशिवाय पुढे सरकायचं नाही, ही आपल्याकडची सवय इथे उपयोगाची नाही. पोलिसांनी समोरच्यावर खटला भरला नाही तरी तुम्ही दावा करू शकता. महाराष्ट्रात रस्ते अपघातांसाठी वेगळं मोटार अपघात दावा न्यायाधिकरण असतं, तसं इथे नाही. बरीचशी प्रकरणं समोरच्याच्या विमा कंपनीशी बोलणी होऊनच मिटतात. नाही मिटलं तर साधारण 50 हजार पौंडांखालचा दावा काउंटी कोर्टात, म्हणजे इथल्या दिवाणी कोर्टात, जातो.

आता व्हिसा. तुमच्या व्हिसावर 'पब्लिक फंड्स घेता येणार नाहीत' असं लिहिलेलं असतं, पण पब्लिक फंड्स म्हणजे सरकारी भत्त्यांची एक ठरलेली यादी. दुसऱ्याच्या चुकीने झालेल्या इजेची भरपाई त्या यादीत नाही. विद्यार्थी असा, स्किल्ड वर्कर असा की डिपेंडंट असा, इजा झाली तर दावा करण्याचा हक्क तुम्हाला आहे.

हा लेख इंग्लंड आणि वेल्सपुरता आहे. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे कायदे वेगळे आहेत. ग्लासगोत पडलात तर तिथलाच वकील गाठा.

आधी चूक कोणाची, मग मार किती

आपण बोलताना मार किती लागला इथून सुरुवात करतो: हाड मोडलं, दोन महिने घरी बसलो, पगार गेला. कायदा मात्र दुसऱ्या टोकाकडून येतो. समोरच्यावर तुमची काळजी घेण्याची जबाबदारी होती का, त्याने ती घेताना निष्काळजीपणा केला का, आणि त्या निष्काळजीपणामुळेच तुम्हाला इजा झाली का, या तीन प्रश्नांची उत्तरं 'हो' आली तरच पैशाचा विषय निघतो. पाय मोडला पण चूक कोणाचीच नव्हती, तर बहुतेक वेळा हातात काही येत नाही. उलट इजा किरकोळ असली तरी चूक स्पष्ट असेल, तर दावा उभा राहतो.

रस्त्यावर वाहन चालवणारा इतरांची काळजी घ्यायला बांधील असतो, हे सिद्ध करत बसावं लागत नाही. मालक कामगारांना बांधील असतो. दुकान किंवा हॉटेल चालवणाऱ्याला 1957 चा ऑक्युपायर्स लायबिलिटी ॲक्ट लागू होतो. सार्वजनिक रस्ते आणि फूटपाथ यांची देखभाल 1980 च्या हायवेज ॲक्टखाली बहुधा स्थानिक कौन्सिलकडे असते. वाद जवळपास नेहमी दुसऱ्या प्रश्नावर होतो: निष्काळजीपणा झाला की नाही?

1976 चा एक निकाल इथले वकील आजही सांगतात. लिव्हरपूलच्या टेस्को सुपरमार्केटमध्ये फरशीवर दही सांडलं होतं आणि त्यावरून एक बाई घसरून पडल्या. दही किती वेळ तिथे होतं, ते त्यांना सांगता येणं शक्यच नव्हतं. अपील कोर्टाने म्हटलं की फरशी साफ ठेवण्याची तुमची नीट पद्धत होती आणि ती त्या दिवशी पाळली जात होती, हे दुकानाने दाखवावं. दुकानाला ते दाखवता आलं नाही. म्हणून दुकानात पडलात, तर 'फरशी ओली होती' एवढंच सांगून थांबू नका. शेवटचं कधी पुसलं होतं, त्याची नोंद कुठे आहे, हे विचारा.

पहिल्या आठवड्यात काय करायचं

माझं ठाम मत आहे की दाव्याचा निम्मा निकाल पहिल्या आठवड्यातच लागलेला असतो. वकील नंतरही मिळतो, पुरावा मिळत नाही.

रस्ते अपघात असेल तर समोरच्या गाडीचा नंबर, चालकाचं नाव-पत्ता आणि विम्याची माहिती घ्या. कुणाला इजा झाली असेल तर थांबणं आणि माहिती देणं चालकावर कायद्याने बंधनकारक आहे. गाड्या हलवण्यापूर्वी फोटो काढा. साक्षीदाराचा फोन नंबर तिथल्या तिथे मागा, बस आली की तो निघून जाईल. इथे लोक ऊठसूट 'सॉरी' म्हणतात, तुमच्याही तोंडून निघेल. त्याने घाबरू नका, कारण 2006 च्या कॉम्पेन्सेशन ॲक्टनुसार नुसती माफी मागणं म्हणजे चूक कबूल करणं नव्हे. मात्र 'माझंच लक्ष नव्हतं' ही माफी नाही, तो कबुलीजबाब झाला.

कामावर लागलं असेल तर अपघात-नोंदवही, म्हणजे ॲक्सिडेंट बुक, मागा आणि त्याच दिवशी नोंद करा. इथे एक गोष्ट बारकाईने पाहा. सुपरवायझर घाईत लिहितो: 'कामगाराला पाठीत दुखापत.' या वाक्यात मालकाची चूक कुठेच नाही. त्याऐवजी असं लिहायला सांगा: 'रॅक क्रमांक अमुक, रात्री दोनचा सुमार, पॅलेट ट्रकचं चाक आधीपासून अडकत होतं, सोमवारी शिफ्ट लीडरला सांगितलं होतं, ओढताना ट्रक कलंडला आणि मनगटावर पडला.' आधी कधी आणि कुणाला सांगितलं होतं, हा त्यातला सगळ्यात मोलाचा भाग. पान भरलं की मोबाइलवर फोटो काढून ठेवा. इजेमुळे सलग सात दिवसांपेक्षा जास्त काळ नेहमीचं काम करता आलं नाही, तर मालकाला तो अपघात सरकारी नियमांनुसार कळवावा लागतो. तो त्याने कळवला का, तेही विचारून ठेवा.

एजन्सीमार्फत काम करत असाल तर एजन्सीचं नाव आणि प्रत्यक्ष जिथे राबत होतात त्या कंपनीचं नाव, दोन्ही लिहून ठेवा. मालकाने कामगारांचा विमा काढणं 1969 च्या कायद्याने सक्तीचं आहे, किमान 50 लाख पौंडांचा, आणि त्याचं प्रमाणपत्र कामगारांना दिसेल असं ठेवावं लागतं. मालकावर दावा म्हणजे व्यवहारात त्या विमा कंपनीवरच दावा. 'साहेबांनी नोकरी दिली, त्यांच्यावर कसा दावा करू?' असं वाटणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. हप्ते याचसाठी भरलेले असतात. दावा केला म्हणून कामावरून काढलं तर तो स्वतंत्र मामला होतो, त्यासाठी एकॅस या कामगार-मालक वादांत मदत करणाऱ्या संस्थेला लगेच फोन करा, कारण त्याची मुदत फार थोडी असते.

फूटपाथवर ठेच लागून पडलात तर जमलं तर दुसऱ्याच दिवशी तिथे जा, स्वतः जाता येत नसेल तर घरातल्या कुणाला पाठवा. वर आलेल्या फरशीशेजारी मोजपट्टी उभी धरून जवळून एक फोटो घ्या, मग आजूबाजूच्या दुकानाची पाटी दिसेल असा लांबून एक. जवळच्या फोटोने उंची कळते, लांबच्याने जागा कळते. एकच असेल तर जो नाही त्यावर कौन्सिल बोट ठेवते. काही मिलिमीटरचा उंचसखलपणा कोर्ट सहसा चूक मानत नाही. शिवाय आम्ही ठरावीक काळाने तपासणी करत होतो, असं कौन्सिलने दाखवलं तर कायद्याने तिचा बचाव होऊ शकतो. म्हणून ती फरशी कधीपासून तशी आहे, हे सांगणारा शेजारचा दुकानदार मिळाला तर सोन्याहून पिवळं.

सीसीटीव्ही असेल तर लगेच ई-मेल करा. तुमचं चित्रीकरण ही तुमची वैयक्तिक माहिती आहे आणि ती मागण्याचा हक्क डेटा संरक्षण कायद्याने तुम्हाला दिला आहे. सहसा महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं. पण बऱ्याच ठिकाणी जुनं चित्रीकरण काही आठवड्यांत आपोआप पुसलं जातं, म्हणून 'हे जपून ठेवा' असं पहिल्याच ओळीत लिहा.

आणि डॉक्टर. इथे आपली माणसं हमखास कमी पडतात. जीपी, म्हणजे आपला नेहमीचा डॉक्टर, विचारतो, कसं वाटतंय? आपण संकोचाने म्हणतो, 'फाइन, थोडं दुखतंय.' तो तेच टिपतो. सहा महिन्यांनी विमा कंपनीचा माणूस तेच पान काढून दाखवतो की दुसऱ्याच आठवड्यात हे बरे झाले होते. तेव्हा नेमकं सांगा: डाव्या कुशीवर झोपता येत नाही, मुलाला उचलता येत नाही, जिना उतरताना कठडा धरावा लागतो, गाडीत बसलं की छातीत धडधडतं. मनावर झालेला परिणामही सांगा, तोही इजेतच मोडतो. इंग्रजीत जमत नसेल तर एनएचएसकडे, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेकडे, दुभाषा मागा, त्याचे पैसे पडत नाहीत. घरच्या माणसाला दुभाषा करू नका. तो तुमचं दुखणं सौम्य करून सांगतो, किंवा तिखटमीठ लावून.

मुदत

अपघाताच्या तारखेपासून तीन वर्षं, हा 1980 च्या लिमिटेशन ॲक्टचा साधा नियम. इजा उशिरा लक्षात आली, उदाहरणार्थ कामावरच्या धुळीमुळे झालेला फुफ्फुसाचा आजार, तर ती कळली त्या दिवसापासून तीन वर्षं धरतात. लहान मुलांसाठी घड्याळ अठराव्या वाढदिवशी सुरू होतं, म्हणजे एकविसाव्यापर्यंत वेळ असतो. तोपर्यंत आई-वडील त्याच्या वतीने दावा करू शकतात. मुदत संपल्यावरही कोर्ट क्वचित परवानगी देतं, पण त्या भरवशावर बसू नका.

विमा कंपनीशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून मुदत थांबत नाही. तीन वर्षांच्या आत तडजोड तरी झाली पाहिजे किंवा कोर्टातून दावा अर्ज तरी निघाला पाहिजे. कंपनी गोड बोलत राहते आणि तारीख टळते, असं होऊ देऊ नका.

मारहाणीसारख्या गुन्ह्यात इजा झाली असेल तर क्रिमिनल इंज्युरीज कॉम्पेन्सेशन अथॉरिटी या सरकारी संस्थेकडे अर्ज करता येतो. तिथे मुदत साधारण दोनच वर्षं आणि पोलिसांना कळवणं आवश्यक. अर्जाला फी नाही, पण इथल्या वास्तव्याविषयी त्यांच्या काही अटी आहेत, त्या आधी वाचा.

दाव्याची वाट कोणती

गाडीत असताना मानेला झटका बसला, म्हणजे ज्याला इथे व्हिपलॅश म्हणतात, तर 31 मे 2021 पासून वेगळी व्यवस्था आहे. इजेची किंमत 5 हजार पौंडांपर्यंत आणि एकूण दावा 10 हजारांपर्यंत असेल, तर 'ऑफिशियल इंज्युरी क्लेम' या सरकारमान्य संकेतस्थळावर तुम्ही स्वतःच अर्ज भरू शकता. विमा कंपनीला जबाबदारी मान्य की अमान्य हे सांगायला 30 कामकाजाचे दिवस मिळतात. रक्कम तक्त्यानुसार ठरते. तीन महिन्यांच्या आत बरं होणाऱ्या इजेला 2021 मध्ये 240 पौंड होते, आणि 18 ते 24 महिने चालणाऱ्या इजेला 4,215. 31 मे 2025 पासूनच्या अपघातांसाठी हे आकडे सुमारे 15 टक्क्यांनी वाढले. रक्कम तुटपुंजी आहे, हे मलाही खटकतं. वकिलाचा खर्च समोरच्याकडून मिळत नाही, म्हणून या वाटेवर बरेच जण स्वतःच अर्ज करतात. पादचारी, सायकलस्वार आणि मोटरसायकलस्वार यांना हा तक्ता आणि 5 हजारांची मर्यादा लागू नाही. लहान मुलांना तक्ता लागू असला तरी ती मर्यादा लागू नाही. या सगळ्यांनी सरळ सॉलिसिटर, म्हणजे दावे हाताळणारा वकील, गाठावा.

कामावरची किंवा सार्वजनिक ठिकाणची इजा आणि 25 हजारांपर्यंतचा दावा असेल, तर सॉलिसिटर तो बहुधा विमा कंपन्यांच्या ऑनलाइन पोर्टलवर टाकतो. त्याहून मोठ्या प्रकरणात दाव्याचं सविस्तर पत्र जातं. समोरच्याने 21 दिवसांत पोच द्यायची आणि मग चौकशीला तीन महिने घ्यायचे. समोरचा पळून गेला किंवा त्याच्याकडे विमाच नव्हता, तर मोटर इन्शुरर्स ब्युरो ही संस्था भरपाई देते. पळून गेलेल्या गाडीची तक्रार मात्र पोलिसांकडे लगेच करा.

वकील आणि त्याचा वाटा

'नो विन नो फी' म्हणजे हरलात तर तुमच्या वकिलाची फी नाही. जिंकलात तर तो यशाचा वाटा घेतो. एप्रिल 2013 पासून हा वाटा तुमच्याच रकमेतून जातो. त्याला कायद्याने लगाम आहे: वेदनेची भरपाई आणि आतापर्यंतचं आर्थिक नुकसान यांच्या 25 टक्क्यांपेक्षा जास्त नाही. भविष्यातल्या उपचारांसाठी आणि बुडणाऱ्या कमाईसाठी मिळालेल्या रकमेला यासाठी हात लावता येत नाही. हरलात तर समोरच्याचा खर्चही सहसा तुमच्या डोक्यावर येत नाही.

करारावर सही करण्याआधी घराच्या किंवा गाडीच्या विम्यात 'लीगल एक्स्पेन्सेस' संरक्षण आहे का ते काढून बघा, आणि युनियनचे सभासद असाल तर तिथे विचारा. 25 टक्के कदाचित वाचतील. मग सॉलिसिटरला तीन गोष्टी विचारा: वाटा नेमका किती टक्के, हरल्यास येणाऱ्या खर्चासाठी काढायच्या वेगळ्या विम्याचा हप्ता किती आणि तो कुणी भरायचा, आणि मी मध्येच दावा सोडला तर काय. उत्तरं लेखी घ्या. 'तुमचा नुकताच अपघात झाला ना?' असा फोन आपणहून आला तर ठेवून द्या. तुमच्या परवानगीशिवाय असे फोन करायला बंदी आहे, आणि ती मोडणाऱ्याच्या हाती प्रकरण देण्यात अर्थ नाही.

रक्कम कशी बसते

दोन भाग असतात. एक वेदना आणि जगण्यातली अडचण यांचा. त्यासाठी न्यायाधीश ज्युडिशियल कॉलेज या न्यायाधीशांना प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेच्या मार्गदर्शक आकड्यांकडे बघतात. दुसरा भाग खिशातून गेलेल्या पैशाचा.

समजा, गोदामात मनगट मोडलं. पुढचे आकडे फक्त हिशेब कळावा म्हणून घेतले आहेत. वेदनेचे 8,000 पौंड. आठ आठवडे घरी बसल्याने, सिक पे, म्हणजे आजारपणातला पगार, वजा जाऊन, हातात पडणाऱ्या पगाराचं नुकसान 2,400. सहा आठवडे बायको रोज दोन तास आंघोळ, कपडे, जेवण बघत होती: 84 तास, ताशी 9 पौंडांनी 756. टॅक्सी आणि औषधं 180. एकूण 11,336. आता कोर्टाला वाटलं की हातमोजे दिले असताना तुम्ही घातले नव्हते आणि एक चतुर्थांश चूक तुमची, तर उरतात 8,502. त्यातून वकिलाचे पूर्ण 25 टक्के गेले तर 6,376 पौंड आणि 50 पेन्स, विम्याचा हप्ता असेल तर तोही वजा.

यातली बायकोची ओळ आपण कधीच लिहीत नाही. तिने केलं, त्याचे काय पैसे मागायचे, असं वाटतं. पण घरच्यांनी फुकट केलेल्या सेवेची किंमत हा कायदा मानतो आणि ती तिच्यासाठीच मिळते. म्हणून एका वहीत तारीख, तास आणि काम लिहीत जा, पावत्या त्याच वहीत चिकटवा. ओव्हरटाइम बुडाला असेल तर आधीच्या काही महिन्यांच्या पे-स्लिप जोडा.

स्वतःच्या चुकीची कपात सगळीकडे येते. सीटबेल्ट लावला नव्हता आणि लावला असता तर इजा झालीच नसती, तर 25 टक्के जातात. कमी झाली असती, तर 15. हे प्रमाण 1975 च्या एका निकालापासून चालत आलं आहे.

अपघातात माणूस गेला तर 1976 च्या फेटल ॲक्सिडेंट्स ॲक्टखाली त्याच्यावर अवलंबून असणारे दावा करू शकतात. अवलंबितांच्या यादीत आई-वडील येतात आणि ते इंग्लंडमध्ये राहत असावेत अशी अट नाही. मुलगा दर महिन्याला साताऱ्याला पैसे पाठवत असेल, तर त्या बँक नोंदी आई-वडिलांच्या दाव्याचा पाया होतात. त्या जपून ठेवा.

तडजोडीचा कागद

विमा कंपनी लवकर रक्कम पुढे करते. वैद्यकीय अहवालाआधी सही करू नका. व्हिपलॅशच्या बाबतीत तर अहवालाविना तडजोड करायला कायद्यानेच मनाई आहे. एकदा तडजोड झाली की वर्षभराने मनगट पुन्हा दुखू लागलं तरी दार बंद. समोरून 'पार्ट 36' नावाचा, म्हणजे कोर्टाच्या नियमांनुसार केलेला, तडजोडीचा प्रस्ताव आला तर 21 दिवसांत वकिलाशी बसून ठरवा. तो नाकारून कोर्टात त्याहून जास्त मिळालं नाही, तर नंतरचा खर्च तुमच्या रकमेतून कापला जाऊ शकतो.

खरं आहे तेवढंच सांगा. दाव्यात मुळातून अप्रामाणिकपणा आढळला तर 2015 च्या कायद्यानुसार कोर्ट दाव्याचा खरा भागसुद्धा फेटाळतं, समोरच्याच्या खर्चापासूनचं संरक्षण जातं आणि तुरुंगवासही होऊ शकतो. विमा कंपन्या फेसबुक-इन्स्टाग्राम बघतात, मोठ्या प्रकरणात लपून चित्रीकरणही करतात. पाठ दुखते पण गणपतीत पाच मिनिटं लेझीम खेळलात, तर ते स्वतःहून डॉक्टरला सांगा. चांगला दिवस असणं हा गुन्हा नाही. तो लपवला की तोच तुमच्याविरुद्धचा पुरावा होतो.

पैसे आले की इजेच्या भरपाईवर प्राप्तिकर लागत नाही. घरात कुणी युनिव्हर्सल क्रेडिट हा सरकारी भत्ता घेत असेल तर ही रक्कम पहिली 52 आठवडे धरली जात नाही. त्यानंतर ती बचतीत मोजतात, म्हणून तोपर्यंत भरपाई वेगळी ठेवणाऱ्या 'पर्सनल इंज्युरी ट्रस्ट'चं खातं उघडायचं का, हे त्याच सॉलिसिटरला विचारून घ्या.